दादांचा हात आणि माझा ब्रश

घट्ट म्हणजे काय, हे माझ्या मेहुण्यांइतकं सबंध नाशिक जिल्ह्यात कोणाला कळत नसेल, आणि पुरे म्हणजे काय, हे त्यांना कधीच कळलं नाही. मेहुणे म्हणजे आमच्या हिचे थोरले भाऊ. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणतो. मूळचे नामपूरचे, पण उभी हयात सातपूरच्या एका कारखान्यात मशिनांचे बोल्ट आवळण्यात गेली. माणूस पाळी संपवून घरी यायचा, हात मात्र कारखान्यातच असायचा. दादांनी बंद केलेला नळ दादांनीच उघडायचा, आणि दादांनी लावलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण दादांनीच काढायचं. त्यांची दुसरी पाळी असली की अख्खं घर लोणच्यावाचून जेवायचं. एकदा मी मोठ्या हौसेनं त्या बरणीशी झटापट करून पाहिली, तेव्हा वहिनींनी पोळी वाढता वाढताच सांगितलं, की कशाला हात दुखवून घेता, ते येतील ना रात्री.

अशा माणसाच्या हाती प्लॅस्टिकची गाडी देणं म्हणजे पैलवानाला तान्हं बाळ न्हाऊ घालायला सांगण्यासारखं. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या पुतण्यानं आखातातून रिमोटवर धावणारी गाडी आणली. ही खेळण्यातली नव्हे, सुट्या भागांतून जोडायची, चांगली कोंबड्याएवढी. खेळणं म्हटलेलं दादांना खपायचं नाही. तिचे स्क्रू थेट प्लॅस्टिकच्या भोकात बसतात. आतले आटे नाजूक, जरा जास्त पिळलं की खलास, मग स्क्रू नुसता गरगर फिरतो. दादा आम्हाला बजावायचे, की बोटांनी फिरवा, मनगट लावू नका. आधी उलटा फिरवा, टक् झालं की जुना आटा सापडला, मग सुलटा. हे सगळं ते स्वतः अगदी तंतोतंत करायचे आणि शेवटी 'जरासा' म्हणून एक पीळ द्यायचे. कड्क! झालं, गेले आटे.

सुटे भाग नाशकात मिळायचे नाहीत, त्यामुळे भोकं बुजवणं आलं. त्यात मात्र दादांचा हात धरणारा कोणी नव्हता. आधी ते गेलेलं भोक उजेडात धरून, डोळा बारीक करून पाहायचे आणि म्हणायचे, "जीव शे." जीव आहे. एरवी शहरी मराठी बोलणाऱ्या दादांची अहिराणी आईशी बोलताना आणि असं भोक पाहतानाच बाहेर पडायची. मग टूथब्रशच्या दांडीची सळी तासायची, चिकटद्रव्याचा थेंब लावून भोकात ठोकायची, वाळली की तिच्यात बारीक भोक पाडून पुन्हा स्क्रू. त्यापायी नात्यातला एकही ब्रश सुरक्षित राहिला नाही. आमच्याकडे मुक्कामाला आले की सकाळी कोणीतरी बोटानं दात घासत असायचं. गाडी उलटी केली की खाली रंगपंचमी. तिच्या पुढच्या उजव्या चाकापाशी माझा हिरवा ब्रश आहे, तो मी कुठेही ओळखीन. रविवारी सातपूरच्या मैदानात गाडी पळवताना चाक निखळलं की बाकीचे हळहळायचे, दादा मात्र खुशीत गाडीकडे निघायचे. आटे घालवणारेही तेच आणि आणणारेही तेच, यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

निवृत्तीनंतर दादांचा उजवा हात लुळा पडला. औषधांनी आणि व्यायामानं तो परत आला, पण जोर आला नाही. बोटं हलती ठेवली नाहीत तर आलेला हातही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि दादा दिवसभर हात मांडीवर ठेवून बसून असायचे. आम्ही भेटायला गेलो तेव्हा जेवताना वहिनींनी बरणीचं झाकण दोन बोटांनी उघडलं आणि ते हातात धरून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मी कपाटावरची गाडी खाली काढली, धूळ पुसली, एक स्क्रू सैल करून स्क्रू-ड्रायव्हरसकट ती त्यांच्यापुढे धरली. माझं मन राखायला म्हणून त्यांनी तो फिरवला. शेवटचा पीळसुद्धा दिला. स्क्रू अगदी बेताचा बसला.

"बघा दाजी," दादा म्हणाले, "आता आटे जातच नाहीत. मग मी दुरुस्त काय करू?"

मी जन्मभर कचेरीत शिक्के मारलेला माणूस. पण तो स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि मनगटच काय, खांदासुद्धा लावला. कड्क! एवढा गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"दादा, आटे गेले."

त्यांनी आधी मला मनगटावरून यथासांग झापलं. मग गाडी ओढून घेतली, खिडकीशी धरली, उजव्या अंगठ्यानं हळूहळू त्या भोकाची कड चाचपली.

"जीव शे," दादा म्हणाले.

वहिनी पदर डोळ्याला लावत आत गेल्या.

सकाळी उठलो तर माझा ब्रश जागेवर नव्हता. गॅलरीतून काहीतरी तासल्याचा आवाज येत होता, अडखळत, थांबत, पण येत होता. मी बोटानं दात घासले.