नवरीच्या गाडीतलं तेल

ट्रॅक्टर बांधावरून नुसता ऐकून त्याला काय दुखतंय ते सांगावं ताडकळसच्या सूर्यभान मिस्त्रीनंच. खॉक-खॉक आवाज आला की म्हणणार, "नोझल!" आणि मान वळवणार, जणू निकाल लागला. दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकायची सवय मात्र त्या कानांना नव्हती.

माणिकरावांची जुनी ऑटोमॅटिक गाडी त्याच्या शेडात आली ती ऐन लग्नाच्या तोंडावर. माणिकरावांचा डावा गुडघा गेलेला, म्हणून पुण्याच्या पोरानं आपली वापरलेली, बिनक्लचची गाडी बापाला दिली होती. पुतणी राजेश्रीची जिंतूरला पाठवणी याच गाडीतून करायची, हा त्यांचा हट्ट. त्याआधी गिअरबॉक्सचं तेल बदलायचं होतं. डबे त्यांनी परभणीहून आणलेच होते.

"मिस्त्री, पोरगं म्हणालंय, तेल मोजताना इंजन चालूच ठेवा."

"चालू इंजनात मापाची काडी?" सूर्यभाननं पान्हा खाली ठेवला. "काका, इंजन बंद करायचं, तेल खाली बसू द्यायचं, मंग काडी घालायची. हयात गेली माझी ट्रॅक्टरात. पोरगं काय करतंय पुण्यात?"

"कम्प्युटर."

"मंग त्याला कम्प्युटर बघू द्या की!"

शेड खदाखदा हसलं. माणिकरावही हसले, जरा उशिरानं.

ट्रॅक्टरच्या रिवाजानं सगळं झालं. बंद इंजनात तेल काडीच्या खुणेला टेकलं आणि वर एक डबा उरला. "कंपनीवाल्याला मापाची अक्कल न्हाई," म्हणत मिस्त्रीनं तो फळीवर ठेवला. गाडीनं सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली, नारळ फुटला.

पाठवणीचा दिवस. मांडव होता खालच्या रानात, रस्ता वर. गाडी फुलांनी मढवलेली, मागं नवरा-नवरी, डिकीत नवरीची बॅग, पुढं माणिकराव. बायकांनी हंबरडा फोडला, "माझी चिमणी चालली गंऽऽ!" माणिकरावांनी गाडी चढावर घेतली. इंजन ओरडलं, घूंऽऽऽ! चाक हलेना.

रडणं थांबलं. आत्यानं पदराआडून कोरड्या आवाजात विचारलं, "गेली का?"

"न्हाई, हाय अजून."

"मंग थांबा गं जरा."

"रेस दाबा, काका!"

"दाबलीया की!"

नवऱ्याचा मामा व्यंकटराव कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "गाडी हाय का पिठाची गिरणी, सोयरे? कोन मिस्त्री गाठला व्हता?"

मांडवाच्या खांबाआड उभ्या सूर्यभानला पहिल्या आवाजालाच निदान झालं होतं. तेल कमी पडायलाय. या गाडीत इंजन चालू झालं की तेल आत खेचलं जातं; बंद इंजनात काडीनं खोटं सांगितलं होतं. तो आपल्या चपलांकडं बघत राहिला.

"मिस्त्री कशाला?" माणिकराव घाम पुसत म्हणाले. "गाडी जुनी, चालवनारा त्याहून जुना. माझंच चुकलं."

त्यांनी खांबाकडं बघितलंसुद्धा नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

राजेश्री वऱ्हाडाच्या टेम्पोत चढली, शालू सावरत, आचाऱ्याच्या पातेल्यांशेजारी. टेम्पो वळला तसा सूर्यभान खांबाआडून बाहेर आला. "काकांचं न्हाई, माझं चुकलं. त्यांनी सांगितलं व्हतं. मीच हसलो."

शेजारच्या गावात पोचणारा त्याचा आवाज पहिल्या रांगेतच विरला.

"मोठ्यानं बोला, मिस्त्री! मागं ऐकू येईना!"

पुन्हा सांगावं लागलं. मोठ्यानं.

मग फळीवरचा डबा आला. ब्रेक दाबून प्रत्येक गिअर फिरवला, चालू इंजनात काडी घातली, तेल भरलं. गाडी मुकाट चढ चढली. पण नवरीची बॅग डिकीतच राहिली होती.

"बॅग जिंतूरला पोचवायची हाय," माणिकराव म्हणाले. "चला, मिस्त्री. वाटंत अडली तर?"

पुढच्या सीटवर धुरपदाकाकू, माणिकरावांच्या कारभारीण. सूर्यभान मागं बसला, फुलांच्या माळांखाली.

वाटेतल्या झरी गावात बायकांनी गाडी अडवली. नवरीचं तोंड बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा तिथला रिवाज. "तोंड दाखव गं बाई!" म्हणत एक म्हातारी काचेला चिकटली.

"अगं बया! नवरीला मिशा!"

सूर्यभाननं रुमाल तोंडावर ओढला. त्यानं तो अजूनच नवरीसारखा दिसायला लागला. पोरी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. काकूंचे खांदे हलायला लागले.

"मिस्त्री," माणिकराव हळूच म्हणाले, "या काय लवकर सोडत न्हाईत. इंजन बंद करू का?"

"नका, काका," रुमालातून आवाज आला. "चालूच ठेवा."