चौदा नंबरचा जोड

धोंडबा तागडेचा वायरमनचा परवाना नागपुरात, इंदोऱ्यातल्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत असे. बाप गिरणीत बदली कामगार म्हणून लागला आणि बदली म्हणूनच मेला. त्या घरातलं नाव सरकारी शिक्क्याखाली आलं ते धोंडबाचंच पहिलं. बायको भीमाबाई महिन्यातून एकदा ट्रंक उघडून पिशवीला वाळवी लागली नाही ना ते पाही. प्लास्टिकला वाळवी लागत नाही, हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत त्याच्याकडे धंतोलीतल्या एका नव्या तिमजली इमारतीचं काम होतं. ठेकेदार मनोहरराव. जिन्याखाली एका फळीवर चौदा मीटर बसवायचे होते. तेरा भाडेकरूंचे आणि शेवटचा तळमजल्यावरच्या बाळंतपणाच्या दवाखान्याचा. मनोहररावांनी पत्रा वाचवण्यासाठी मीटरकडे जाणाऱ्या आणि मीटरमधून निघणाऱ्या सगळ्या तारा एकाच लांब पेटीत घालायला लावल्या. वीज मंडळाचा माणूस पाहायला आला आणि त्यानं ते नापास केलं. मीटरच्या आधीची तार म्हणजे न मोजलेली वीज. तिची पेटी वेगळी पाहिजे, झाकणाला शिशाचं सील पाहिजे, आणि आत जोड नको, प्रत्येक तार अखंड. उद्या सकाळी सील मारतो म्हणाला, नाही तर पुढच्या महिन्यात.

मीटरमधून निघणाऱ्या तारांची दुसरी पेटी बसवायला जागा हवी म्हणून धोंडबानं पहिली वर सरकवली. एक वीतभर. तेरा तारा ओढून पुरल्या. चौदावी सगळ्यात लांबची. ती वीतभर कमी पडली.

बाजार त्या दिवशी बंद होता. त्या वर्षी तांबं मिळेनासं झालं होतं, सगळीकडे ॲल्युमिनियमची तार आली होती. धोंडबाच्या पिशवीत जुन्या तांब्याच्या तारेचा एक तुकडा होता. त्याचे उस्ताद बापूजी यांनी त्याला तांब्याचा जोड शिकवला होता: दोन्ही टोकं घासायची, सहा पीळ द्यायचे, वर रबर, वर कापडी पट्टी. बापूजींचे जोड वीस-वीस वर्षं टिकले होते. धोंडबानं तसाच जोड घातला, ॲल्युमिनियमला तांब्याचा. सुंदर जमला. सकाळी पेटीला सील लागलं. कागदावर ओळ होती, पेटीत जोड नाही. तिच्याखाली धोंडबानं सही केली.

एप्रिलमध्ये परवान्याच्या नूतनीकरणाला गेला तेव्हा तिथल्या साहेबांनी सगळ्या वायरमनना बसवून एक जळका तुकडा दाखवला. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र पिळले की ॲल्युमिनियम हळूहळू दबतं, पीळ सैल होतो, मधे पांढरी भुकटी धरते, जोड तापत जातो. तुकडा हातोहात फिरला. धोंडबाच्या हातात आला तेव्हा त्यानं पीळ मोजले. सहा होते.

तिथून पुढे तो रोज कामावरून धंतोलीला जाऊ लागला. जिन्याखाली उभा राहून पेटीच्या उजव्या टोकाला तळहात लावी. पत्रा कोमट लागे. पण नागपुरात मे लागला की भिंतीही कोमट असतात. त्या कोमटपणात आपला किती, हे हाताला कळत नसे. दवाखान्यात दोन कूलर लागले होते. पंखे होते, पाणी उकळायची शेगडी होती. सगळं त्या सहा पिळांतून जात होतं. दारावरचा नत्थूजी चौकीदार हसे.

"काय गा, पेटीची नाडी पाहून राहिला? डॉक्टरीनबाई आत बसते."

तो मनोहररावांकडे गेला. मनोहररावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, सही कोणाची आहे? सील तोडणं म्हणजे वीजचोरीचा गुन्हा, एवढं सांगून ते जेवायला उठले. धोंडबा वीज मंडळाच्या कचेरीत गेला. कारकून म्हणाला, सील उघडून मिळतं, अर्जावर ग्राहकाची सही लागते, कारण वायरमननं लिहायचं. अर्ज त्यानं चार दिवस खिशात वागवला. कारणाच्या जागी लिहिण्यासारखं एकच होतं. ते लिहिलं की परवाना गेला. नाही लिहिलं तर भिंतीपलीकडे आठ खाटा होत्या.

भीमाबाईनं विचारलं, "काहून जेवून नाही राहिले?" त्यानं सांगितलं. ती ट्रंकेपाशी जाऊन बसली, जणू आत कोणी आजारी होतं.

दुसऱ्या दिवशी तो काम सोडून भर दुपारीच धंतोलीला पोचला. सीताबर्डीहून येताना त्यानं अखंड तारेचं आठ हातांचं वेटोळं घेतलं होतं. अर्ज अजून खिशातच होता. पेटीच्या उजव्या टोकाला रंग पिवळा पडून फुगला होता. हात लावायची गरज उरली नव्हती. जळक्या प्लास्टिकचा वास येत होता, आणि नत्थूजी म्हणत होता की गटाराचा असेल.

आत एक बाई अडली होती. पुष्पलता नर्सनं त्याला दारातच अडवलं. तो म्हणाला, कूलर बंद करा, शेगडी बंद करा, ताबडतोब. बाहेर ताटकळलेले नातेवाईक उठले; या उन्हात कूलर बंद करायला सांगणारा हा कोण, असं एकानं त्याची गचांडी धरून विचारलं. आवाज ऐकून डॉक्टर सिंधूताई बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत ओले होते.

"कोण आहात तुम्ही?"

"वायरमन. त्या पेटीत माह्या हातचा खोटा जोड हाय, बाई. जळून राहिला. म्या जोड नाही म्हणून सही केली होती."

सिंधूताईंनी त्याच्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. किती वेळ टिकेल, एवढंच विचारलं. मले ठाऊक नाही, तो म्हणाला. त्यांनी एक दिवा सोडून सगळं बंद करवलं. वीस मिनिटं धोंडबा मेन स्विचच्या दांडीवर हात ठेवून पेटीकडे पाहत उभा राहिला. आत ती बाई ओरडत होती. ती थांबली, आणि मग दुसराच, बारीक आवाज आला. पुष्पलतेनं दारातून मान हलवली. त्यानं दांडी खाली ओढली. चौदाही मीटर बंद झाले. भाडेकरू जिन्यावर जमले. त्यांच्यादेखत त्यानं पकडीनं सील तोडलं.

जोड काळा पडला होता, आत पांढरी भुकटी. शेजारच्या बारा आणि तेरा नंबरच्या तारांचं कवच वितळून एकमेकांना चिकटलं होतं. ते अजून फाटलं नव्हतं. त्यानं ते सोडवून पट्टी गुंडाळली आणि चौदा नंबरला नवी तार घातली. वीतभर जास्तीची ठेवली. मग नत्थूजीला मंडळात वर्दी द्यायला पाठवलं आणि स्वतः पायरीवर बसून राहिला. ते यायच्या आत निघून जा, म्हणणारेही दोघं-तिघं होते.

मंडळाचा माणूस तोच होता, जानेवारीतला. त्यानं नवी तार नीट पाहिली, ओढून पाहिली. काम चांगलं आहे, म्हणाला. पण सील तोडलेल्या पेटीतली तार त्याला ठेवता येत नव्हती, आणि तिच्यासाठी धोंडबाची सहीही आता चालणार नव्हती. त्यानं पंचनामा केला. जोड कोणी केला, या प्रश्नापुढे धोंडबानं आपलं नाव स्वतः लिहिलं. संध्याकाळी मनोहररावांचा दुसरा वायरमन आला. त्यानं बारा, तेरा आणि चौदा अशा तिन्ही तारा उपसल्या, नव्या घातल्या, आणि सही केली. उपसलेली चौदावी तार धोंडबाच्या हातात दिली.

पोलिसांपर्यंत गोष्ट गेली नाही. सिंधूताईंनी मंडळाला पत्र दिलं होतं, असं नंतर कळलं. परवाना मात्र गेला. पुढची अकरा वर्षं धोंडबा उन्हाळ्यात जरीपटक्यात कूलरच्या जाळीत खस, म्हणजे वाळा, भरी, बाकीचे महिने मिळेल ते करी. कोणाच्या घरी दिवा लुकलुकला आणि कोणी म्हटलं, जरा पाहा ना, तर तो मान फिरवी आणि म्हणे, मले नाही समजत त्यातलं.

ती सात हात आणि एक वीत तार भीमाबाईनं अंगणात बांधली. तिच्यावर कपडे वाळत. ओले कपडे टाकताना धोंडबा दर वेळी अंगठा आणि बोट लावून तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत जाई. कुठेही जोड लागत नसे.