जळगाव ते धुळे: कन्व्हर्टरसकट डाउनपाइपच्या शोधात

सोमवार, १० फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. जळगावात हायवेलगतच्या एका गाडी सजवण्याच्या दुकानात माझी गाडी सुरू झाली आणि समोर रस पीत बसलेली चार माणसं दचकून उभी राहिली. मीही उभी राहिले. ती आवाजामुळे, मी संतापामुळे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: टर्बोच्या तोंडापासून धूर खाली नेणारा पहिला नळ म्हणजे डाउनपाइप. धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर माझ्या गाडीत त्यातच असतो. एका न रंगवलेल्या गतिरोधकाने माझ्या पाइपला तडा गेला. कंपनीचा पाइप यायला दोन महिने लागणार होते, म्हणून बाहेरचा घ्यायला मी तयार झाले. पण "कन्व्हर्टरसकट" हे तीनदा बजावलं. दुकानदार तीनदा "हो मॅडम" म्हणाला, मला काचेच्या केबिनमध्ये चहा पाजला आणि तेवढ्यात कन्व्हर्टर नसलेली मोकळी नळी ठोकून दिली.

जाब विचारला, तर म्हणतो, "मॅडम, टर्बोवाले सगळे हीच बसवतात. गाडी मुलाची ना? त्याला आवडेल."

गाडी माझी आहे. निवृत्तीनंतर मी ती टर्बो आहे म्हणूनच घेतली. ट्रकमागे धूळ खात जायला मी नोकरीतच पुष्कळ शिकले होते.

बुधवारी पीयूसी काढायला गेले. नापास! जुनीची मुदत शनिवारी संपत होती. म्हणजे शनिवारनंतर गाडी दारात. माझा धाकटा भाऊ नाना याच क्षणाची वाट बघत होता. "अक्का, या वयात टर्बो कशाला? विकून टाक. कुठे जायचं असेल तर मी सोडतो."

नाना मला सोडतो तेव्हा तीसच्या वेगाने सोडतो आणि वाटेत उपदेशही करतो. मी शुक्रवारी सकाळी सातला धुळ्याला निघाले.

सोबत शेजारच्या पुष्पाताई. त्यांनी कानात कापूस घातला होता. आपल्याकडे त्याला काय तोटा! त्या गडगडाटात बोलणं अशक्य होतं, म्हणून पाळधी मागे पडेपर्यंत आम्ही खुणांनीच भांडलो. एरंडोलला चहा, पारोळ्याच्या पुढे थांबून डब्यातलं भरीत आणि कळण्याच्या भाकरी. रस्ता आता पुष्कळ चांगला आहे. जाणाऱ्यांनी एवढंच करावं: फास्टॅगमध्ये पैसे ठेवावेत आणि गावांजवळ उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर गृहीत धरावेत. नव्वद किलोमीटरला दोन तास पुरतात. भरीत खाल्लंत तर अडीच.

धुळ्यात आग्रा रोडकडे गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथले कांतिभाऊ मूळचे राजस्थानचे, तीन पिढ्या धुळ्यातच. त्यांनी काउंटरवर तीन पाइप मांडले. पहिला तीन इंची, मोकळा.

"हा घ्या अक्का, गाडी गरजेल."

"मला घरी पोचायचंय, कांतिभाऊ, वरात काढायची नाही."

दुसरा स्वस्त, बारा हजारांचा. मधे फुगीर डबा, त्यावर कन्व्हर्टरचं लेबल. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या की दुसऱ्याने सांगितलेलं उत्तर लिहू नये, गणित स्वतः सोडवावं. मी पाइप उचलून दुर्बिणीसारखा डोळ्याला लावला. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला हवी होती. मला पलीकडे आख्ख्या पुष्पाताई दिसल्या, कानातल्या कापसासकट.

"हा रिकामा आहे."

कांतिभाऊंनी तो काउंटरखाली सरकवला. मग म्हणाले, "गिऱ्हाईक बघत नाही हो आत. लेबल बघतं."

तिसऱ्यात जाळी स्वच्छ दिसली. चुंबक लावलं, चिकटलं नाही, म्हणजे स्टेनलेस चांगलं. सेन्सरची जागा, टर्बोकडची चकती, सगळं माझ्या गाडीच्या नमुन्याशी ताडून बघितलं. सव्वीस हजार. घासाघीस केली, गॅस्केट फुकट मिळवलं.

बसवायला मागच्या गल्लीतले आबा. सत्तरीचे, बोलणं पक्कं खान्देशी. यावेळी मी केबिनमध्ये बसले नाही, स्टूल टाकून गाडीशेजारी बसले. आबांना त्याचं काही वाटलं नाही, लपवायचंच काही नव्हतं. "बस अक्का, देख. आठे लपाडानं काही नही शे."

दोन तासांनी गाडी सुरू केली. सुरू झालेली कळेना! पुष्पाताईंनी कापूस काढला आणि विचारलं, "बंद पडली का?"

मी पैसे काढले, तर आबा घेईनात. आधी त्यांनी मोकळी नळी गोणपाटात बांधली, डिकीत ठेवली. "जुना माल गिऱ्हाईकना. तो हातात दिल्याबिगर आम्ही पैसा लेत नही." मग थांबून म्हणाले, "पण हाई तर नवीच शे. कंपनीना पाइप कोठे शे?"

"दुकानदाराने ठेवून घेतला. भंगार आहे म्हणाला."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "भंगार? अक्का, त्यानी जाळीवर प्लॅटिनमना थर ऱ्हास! भंगारवाला दुकानना दारशी बशी ऱ्हास त्यानासाठे."

म्हणजे माझा पाइप तडकलेला होता, पण आतला प्लॅटिनमचा थर असलेला कन्व्हर्टर धडधाकट होता, भंगारवाले ज्यासाठी दुकानाच्या दारात बसून असतात तो. मला चहा पाजून तो काढून घेतला होता!

संताप उसळला, पण आधी काम. धुळ्यातच पीयूसी केंद्रावर गेले. नळी लावली, यंत्राने विचार केला, कागद बाहेर आला. पास. मी तो दोनदा वाचला, पुष्पाताईंना मोठ्याने वाचून दाखवला, आणि आम्ही शेवभाजी खायला गेलो. दोघींचे तीनशे चाळीस, तर्री इतकी तिखट की डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं आनंदाचंही होतं.

परतीला मुकटीच्या पुढे सलग पाच ट्रक मागे टाकले, शांतपणे, एकही भोंगा न वाजवता. नाना फाटकात उभा होता. गाडी अंगणात येऊन थांबली तरी तो रस्त्याकडेच बघत होता. त्याच्या हातात पीयूसी दिली. त्याने उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "उद्या मला चोपड्याला सोडशील?"

सोडणार आहे. उपदेशासह.

या प्रवासाने मला एवढं दिलं: कुठलाही पाइप घेण्याआधी त्यातून पलीकडे बघावं, आणि गाडी उचलली जाते तिथे स्टूल टाकून बसावं. गाडी राहिली, तीही माझ्या हातात. पण हिशेब पुरा झालेला नाही. म्हणून जळगावच्या त्या दुकानदारास उद्देशून, आज स्पीड पोस्टाने पाठवलेलाच मजकूर इथेही देते:

माझ्या गाडीचा मूळ डाउनपाइप कन्व्हर्टरसह परत करावा. तो आपल्याकडे नसल्यास कोणाला, कधी आणि माझ्या कोणत्या परवानगीने दिला हे कळवावं. आपली मोकळी नळी गोणपाटात तयार आहे. पाइप आणाल तेव्हा घेऊन जावी. उत्तर लेखी हवं, सहीशिक्क्यासह, शुक्रवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत. "बघतो मॅडम" हे उत्तर धरलं जाणार नाही.