वाटीतलं नाणं

शीतगृहात काम करणाऱ्या बाईला उन्हाळा काय आणि हिवाळा काय, सारखाच. मटार, पालक, स्ट्रॉबेरी गोठवून पिशव्यांत भरायची आणि भरता भरता आपणही अर्धं गोठायचं. भर उन्हात ती जाडजूड कोट घालून बाहेर पडे, म्हणून गल्लीनं तिचं नाव 'कोटवाली' पाडलं होतं. पाडू दे बापडे. तिला रागवायला वेळ कुठं होता?

तिच्या एकुलत्या एका लेकीला सहावा महिना लागला होता. पहिलं मूल ह्याच महिन्यात पोटातल्या पोटात गेलेलं. आता पुन्हा रक्त कमी, अंगात त्राण नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गोळ्या घ्याच, पण पोटात भाज्या-फळंही गेली पाहिजेत. नाहीतर ह्याही खेपेला अवघड आहे." सांगायला काय जातं कुणाचं! ताज्या फळांच्या गाडीपाशी कोटवाली नुसता भाव विचारायची आणि पुढं चालू लागायची. जावई लांब कुठं पुलाच्या कामावर. तो धाडी ते घरभाड्यातच जिरे.

पण शीतगृहात फाटक्या पिशव्यांचा माल कामगारांना स्वस्तात मिळे. माल चोख, फाटकी फक्त पिशवी. कोटवालीनं एक जुना फ्रीझर घरात आणला आणि जिवाचं रान करून तो भरला. रोज लेकीच्या ताटात शिजवलेला पालक, मूठभर मटार आणि वर वाटीभर स्ट्रॉबेरी. पोरीच्या गालांवर जरा रंग दिसू लागला.

धाक एकच, विजेचा. वितळून पुन्हा गोठलेला माल वरून तसाच दिसतो. म्हणून शीतगृहातल्या जुन्या बाया एक युक्ती करत. वाटीत पाण्याचा बर्फ करायचा, त्यावर नाणं ठेवायचं आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यायची. नाणं वर असलं तर माल खुशाल खा. तळाला गेलं तर मधे सगळं वितळलं होतं, फेकून दे. कोटवाली घरात पाऊल टाकताच आधी नाणं बघायची, मग आपले गारठलेले हात लेकीच्या पोटावर ठेवायची. आतलं बाळ गारव्यानं दचकून लाथ मारी.

"आजीला लाथा घालतंय बघ," लेक हसून म्हणे.

"घालू दे. आजीला नाही तर कुणाला घालणार?"

त्या संध्याकाळी नाणं वरच होतं. पण मटारची पिशवी उचलली तर आत दाणे खुळखुळेनात. सगळा मिळून एकच गोळा. भरवशाच्या म्हशीला टोणगा, म्हणतात ना, तसं झालं. पिशवी हातात धरून ती वळली. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"वीज गेली होती?"

लेकीनं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

"अगं, काहीतरी विचारतेय मी."

"परवा गेली होती. तू कामावर गेलीस आणि लगेच गेली, ती दुपार उलटल्यावर आली. नाणं तळाला गेलेलं. मी पाणी पुन्हा गोठवलं आणि नाणं वर ठेवलं."

"कशाला पण?"

"तू सगळं फेकलं असतंस. मग ते भरायला पुन्हा दोन-दोन पाळ्या केल्या असत्यास. बर्फावर घसरून पडलीस, ते मला कळत नाही वाटतं? कामावर जेवते म्हणतेस आणि तिथं नुसता चहा पितेस. तेही ठाऊक आहे मला."

खाण तशी माती. आईनं लेकीला फसवलं, लेकीनं आईला, आणि दोघींनीही मायेपोटीच.

"खाल्लंस त्यातलं?" कोटवाली तिच्याजवळ जाऊन बसली.

"स्ट्रॉबेरी खाल्ल्या. कालही आणि आज सकाळीही. जरा आंबूस लागल्या."

कोटवालीनं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. पोटात दुपारपासून कळा येत होत्या आणि ही बया तोंड मिटून पडली होती.

दवाखान्यात नेऊन सलाइन लावली तरी कोटवालीच्या काखेत मटारची पिशवी तशीच होती. घाईत ती खाली ठेवायचंच राहून गेलं होतं. डॉक्टरीणबाई एका बाळंतिणीपाशी अडकलेल्या. नर्सनं विचारलं, "बाळाची हालचाल कळतेय का?"

"दुपारपासून नाही कळली," लेक पुटपुटली.

"डॉक्टर येऊन बघतील, थांबा," म्हणून नर्स लगबगीनं गेली.

थांबा म्हणे. कोटवालीनं पोटावर हात ठेवला. काही नाही. तिच्या ध्यानात आलं, आज आपले हात घामानं ओले आहेत आणि गरम आहेत. तिनं काखेतली पिशवी काढली. गोळा अजून कडक होता. दोन्ही हातांनी तो घट्ट आवळून ती बसून राहिली. बोटं ठणकू लागली, मग बधिर झाली. ते हात तिनं लेकीच्या पोटावर ठेवले. काहीच नाही. लेक तिच्याकडे बघत होती आणि तिला लेकीकडे बघवत नव्हतं. तिनं पुन्हा गोळा आवळला, पहिल्यापेक्षा कितीतरी वेळ, आणि पुन्हा हात ठेवले.

तळव्याखाली काहीतरी हललं. अगदी हळू. मग एक चांगली लाथ बसली.

कोटवाली तिथंच खाटेच्या कडेला डोकं टेकून रडली. ताप उतरायचा होता, डॉक्टरीणबाई अजून यायच्या होत्या. लेकीनं मोकळा हात तिच्या केसांवर ठेवला.

"यापुढं एका ताटात जेवायचं," कोटवाली कशीबशी म्हणाली.

"आधी घास तू घ्यायचास."

"बरं," ती म्हणाली आणि पोटावरचा हात तसाच ठेवून बसली.