कोऱ्या टॉवेलचा हट्ट

माझ्याकडे दोनच बॉल आहेत, एक लाल आणि एक काळा. त्या रविवारी सकाळी रिक्षात बसल्यावरही मी सारखी बॅगेत हात घालून दोन्ही आहेत ना ते बघत होते. शेजारी नवरा. तो मोहोळकडचा, त्याला कशाचंच टेन्शन येत नाही.

"सहा किलोचा बॉल कुटं उडून जातोय व्हय? बस की गप."

मी बॅगेची चेन लावली आणि दोन मिनिटांत पुन्हा उघडली. सोलापुरात बॉलिंग म्हटलं की लोक क्रिकेटच समजतात. चाळिशी उलटल्यावर मी ऑफिस सुटलं की गेम झोनमध्ये जाऊन दहा पिना पाडायला शिकले, तेव्हा सासरी आणि माहेरी, दोन्हीकडे हसू झालं. हसू दे. एवढी एकच गोष्ट माझी स्वतःची होती. आणि आता तीही जाणार होती. दिवाळीनंतर बॉल टाकायच्या लेन उखडून तिथं लहान मुलांच्या उड्या मारायच्या जाळ्या बसवणार, असं गेम झोनच्या मालकानं सांगून टाकलं होतं. त्याआधी विभागाची निवड स्पर्धा मात्र त्या रविवारी तिथंच होती. राज्याच्या संघात आमच्या विभागातून बाईची एकच जागा. ती मिळाली की सराव पुण्याला, संघाबरोबर. नाही मिळाली तर माझा खेळ संपला. इतकं सरळ होतं ते, आणि म्हणूनच रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता.

त्या जागेसाठी आम्ही दोघीच होतो, मी आणि कोल्हापूरची एक इंजिनिअरिंगची मुलगी. तिच्याकडे चार बॉल. मला काकू म्हणाली, पाया पडते की काय इतकी वाकली. मला ती आवडली आणि त्याचाही राग आला.

सरावाचे बॉल टाकले. लेनवर तेलाचा पातळ थर असतो, तव्यावर फडकं फिरवल्यासारखा, पण पिनांजवळचा भाग कोरडा ठेवतात. माझा लाल बॉल तेलावरून घसरत जातो आणि कोरड्यावर पोचला की डावीकडे वळून पिनांत घुसतो. काळा वळतच नाही, सरळ जातो. तो एकट्यादुकट्या उरलेल्या पिनेसाठी. त्या दिवशी लाल असा वळत होता की मला माझंच कौतुक वाटलं. दर खेपेला बॉलला लागलेलं तेल पुसावं लागतं. त्यासाठी माझा एक जुना, विरलेला टॉवेल आहे, काळपट डागांचा.

मग उद्घाटन. पाहुणे आले, नारळ फुटला, आणि सगळ्या पुरुष खेळाडूंना टॉवेल-टोपी देऊन सत्कार झाला. आम्हा दोघींच्या हातात ब्लाऊजपीस. माझं डोकंच सटकलं. मुलीनं हसून पीस कपाळाला लावला, मी मात्र माईकजवळच म्हणाले, "ब्लाऊजपीसनं बॉल पुसू का मी? मलाही टॉवेल द्या." हशा पिकला. आयोजकांनी हात जोडून एक टॉवेल आणून दिला. पिवळाधमक, जाडजूड, घडीसुद्धा न मोडलेला. मुलीलाही विचारलं, ती नको म्हणाली.

"नडलीस की गं," नवरा खूश होऊन म्हणाला. "आता ते फडकं दावू नको कुणाला." आणि त्यानं माझा जुना टॉवेल बॅगेच्या तळाशी कोंबला.

खेळ सुरू झाला आणि लाल बॉल वळेना. सरळ उजवीकडून निघून जायचा, तीन-चार पिना पाडून. मी घाबरले. मनात म्हटलं, सगळ्यांच्या बॉलांनी तेल पुढं ओढत नेलंय, कोरडा भाग राहिलाच नाही. तसं होतंही कधीकधी. मी जागा बदलली. वेग कमी केला. पुन्हा जागा बदलली. बॉल मात्र अडेलतट्टूच. दर खेपेला मी तो नव्या टॉवेलनं अगदी मन लावून पुसत होते, सगळ्यांना दिसेल असा. शेवटी काळा घेतला. तो सरळ जायचा आणि मधोमध घुसून दोन्ही बाजूंच्या पिना तशाच उभ्या ठेवायचा. तिकडे मुलीचा बॉल गोड वळत होता. एकाच लेनवर आम्ही खेळत होतो, मग तिचा वळतो आणि माझा का नाही? वय झालं, मनगट गेलं, आता हेच ऐकायचं, असं वाटायला लागलं.

शेवटच्या गेमआधी पाणी पिऊन ठेवताना बाटली बाकावर कलंडली. मी टॉवेल टाकून पाणी टिपायला गेले. पाणी टिपलंच जाईना. टॉवेल फिरवावा तिकडे थेंब पळायचे.

मी बघतच राहिले. माझं बालपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. आई घरी बसून टॉवेलांच्या कडा शिवायची. कोरा टॉवेल पाणी पीत नाही, दोन-तीनदा धुतल्याशिवाय अंगाला लावायचा नाही, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोराला ठाऊक. आणि मी, त्या गल्लीची लेक, भांडून कोरा टॉवेल मिळवला होता आणि खेळ सुरू झाल्यापासून बॉलवरचं तेल बॉलवरच फिरवत बसले होते. लेनचं काही बिघडलंच नव्हतं.

बॅग उपडी केली. जुन्या टॉवेलनं लाल बॉल खसखसून पुसला, तर टॉवेलवर मोठा काळा पट्टा उठला. "काय झालं?" नवऱ्यानं विचारलं. मी बॉल उचलून लेनकडे निघाले.

पहिलाच बॉल इतका वळला की पिनांच्या पलीकडे डावीकडे गेला. आता खरंच लेन बदलली होती. दिवसभराच्या खेळानं तेल उडालं होतं, आणि मला मात्र आता कशाचाच भरवसा वाटेना. बॉल खोटा की लेन खोटी? मी डावीकडे सरकून उभी राहिले, आणखी सरकले, आणि उजवीकडे लांब टाकायला लागले. जमलं. एकामागून एक पिना साफ होऊ लागल्या, आणि मुलीच्या नि माझ्या गुणांतलं अंतर कमी होत गेलं. शेवटच्या फ्रेमला, म्हणजे शेवटच्या पाळीला, पहिल्याच बॉलमध्ये दहाच्या दहा पडल्या असत्या तर मी पुढं गेले असते. काळा सुरक्षित होता, पण सुरक्षित खेळून दहा पडत नाहीत. मी लालच उचलला.

तो अगदी हवा तिथं वळला. नऊ पिना गेल्या. उजव्या कोपऱ्यातली एक हलली, आणि उभी राहिली.

ती मी काळ्यानं पाडली, पण तेवढं पुरलं नाही. थोडक्यानं हरले. नवरा म्हणाला, "लई भारी खेळलीस की," आणि बॅग भरायला लागला, कारण माझ्याकडे बघणं त्याला जमत नव्हतं.

मुलगी आली. ती खरोखरच पाया पडली. मग जरा घुटमळत म्हणाली, "काकू, इथल्या लेन बंद होणार म्हणे. तुमचा लाल बॉल देणार का? बोटांची भोकं बुजवून मी माझ्या मापाची पाडून घेईन. तसाच पडून राहण्यापेक्षा..."

ती वाईट बोलली नव्हती. तिच्या जागी मीही विचारलं असतं. मी बॉल नवऱ्याच्या हातातून काढून घेतला आणि पोटाशी धरला.

"द्यायचा नाही," मी म्हणाले. "मला खेळायचंय."

कुठं, ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.