आईला दाखवलेला उतार

सायकलची शर्यत आईला दाखवायची अवदसा मला कुठून आठवली, देव जाणे. तोवर तिचं बरं चाललं होतं. वडील गेल्यावर हिवरखेडचं घर बंद करून ती आमच्याकडे अमरावतीला आली. मी रविवारी पहाटे अंगाला चिकटणारे कपडे घालून सायकल काढली की ती फक्त हसायची. "एवढ्या महागाची सायकल, अन् मांगं कॅरियर नाई?" तिच्या लेखी सायकल म्हणजे वडिलांची काळी सायकल. मागं चाऱ्याचा भारा, हँडलला दुधाची कॅन, आणि वेग असा की बाजूनं पायी चालणाऱ्याशी गप्पा मारत जाता यावं. असल्या वाहनावरून पोरगा पडून पडून किती पडणार? गुडघा फुटेल, हळद लावू.

मी पंचेचाळिशीचा, सरकारी कचेरीत खुर्ची उबवणारा माणूस. सायकल मला डॉक्टरनं लावली आणि शर्यतींचं वेड सायकलनं लावलं. युरोपातल्या त्या तीन-तीन आठवडे चालणाऱ्या शर्यती आपल्याकडे संध्याकाळी दिसतात. कचेरीतून आलो की मोबाइल टीव्हीला जोडायचा आणि फतकल मारून बसायचं. बायको म्हणायची, "माणसं तासन्‌तास सायकल चालवून राहिले, त्यात पाहाचं काय?" पण एकट्यानं पाहण्यात मजा नाही हो. शेजारी कुणीतरी "अरे गेला, गेला!" म्हणायला पाहिजे. त्या हावरटपणापायी मी आईला बसवलं. तिची करमणूक व्हावी म्हणून, असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि खोटं मी या प्रकरणात आधीच पुष्कळ बोललोय.

आई रमली मात्र लवकर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तो म्होरचा पोट्टा एकटाच वारं खाऊन राहिला, अन् मांगचे सारे त्याच्या आडोशाले. त्याले कोनी बदली देत नाई काय?" मग काय, मी सांगत सुटलो. आपल्या संघाच्या पुढाऱ्यासाठी दिवसभर वाऱ्याला छाती देणारे गडी, मागून येणाऱ्या संघाच्या गाडीपाशी जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणणारे गडी. आईचा जीव या बाटलीवाल्यांवर. "या पोट्ट्यायचं नावबी घेत नाई कोनी. माय पाहून राहिली असन न त्याची, घरी."

मला आवडायचा उतार. घाटमाथा आला की काही जण जर्सीत पेपर कोंबतात, छातीला गार वारा लागू नये म्हणून, आणि मग सुटतात. बोटभर रुंदीचं टायर, मोटारीला मागं टाकणारा वेग, वळणावर अंग असं कललेलं की आता टेकलं. आणि खरं सांगतो, कुणी पडलं की मी पुढं सरकून बसायचो. तेच पडणं पुन्हा संथ गतीत दाखवायचे, मी "बाप रे, बाप रे" करत तेही मिटक्या मारत पाहायचो. आई डोळ्यांवर पदर घ्यायची.

जुलैत एकदा एक पोरगा वळणावर कठड्यावरून पलीकडे गेला आणि दिसेनासाच झाला. कॅमेरा पुढं निघून गेला, कारण शर्यत पुढं होती.

"थांबव," आई म्हणाली. "कुठं गेला तो?"

"काढतील त्याले. डॉक्टर असते त्यायच्या संगं."

"मंग दाखवून कावून नाई राहिले?"

तो जिवंत आहे, हात मोडलाय, ही बातमी बऱ्याच वेळानं आली. तोवर आई जेवायला उठली नाही. उठताना मात्र माझ्याकडे नीट पाहत तिनं विचारलं, "तू उतरतं का रे असा कुठं?"

आता, मी उतरत होतो. चिखलदऱ्याचा घाट म्हणजे आमच्या चौघांच्या टोळक्याचा रविवारचा देव. परतवाड्यापर्यंत मित्राच्या गाडीवर सायकली टाकून जायचं, तिथून घाट चढायचा, आणि चढायचा तो उतरण्यासाठीच. त्या टीव्हीतल्या पोरांसारखं आपणही कललो, निदान तीन वळणं तरी, यातच माझा आठवडा सार्थकी लागायचा.

"छे!" मी म्हटलं. "मी तं नांदगाव पेठच्या अंगानं जातो. मोझरीपर्यंत. रस्ता सपाट, पाटासारखा."

बायकोलाही हीच दुसऱ्या दिशेची वाट सांगून ठेवली. तिला खरं सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत ते आईला कळलं असतं.

दिवाळीनंतर थंडी पडली तशी मीही जर्सीत पेपर कोंबायला लागलो. एकदा तो काढायचा राहिला आणि आई कपडे भिजवायला बसली. हातात त्या पेपराचा लगदा घेऊन तिनं विचारलं, "हे काय रे?" मी म्हटलं, "थंडी सपाट रस्त्यावरही वाजते, माय." लगदा पिळून तिनं बाजूला ठेवला.

रविवारी मी परतायचो तेव्हा ती फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेली असायची. मला वाटायचं, म्हातारं माणूस आहे, ऊन खात असेल. शेवटी बायकोनंच एकदा सुनावलं, "ऊन कायचं? तुमी येईपरेंत आई चहाचा घोटही घेत नाईत. शुगरची गोळी तशीच रायते त्यायची."

माझं डोकंच फिरलं, आणि फिरलं ते आईवर. "कावून उपाशी रायतं तू? मी काय लहान लेकरू हाये?"

"घास उतरत नाई रे बाप्पा," ती म्हणाली. "तू दिसला की उतरते."

कुणी शहाणा असता तर त्यानं त्या दिवशी घाट सोडला असता. मी काय केलं? तर घाट उतरून परतवाड्याला आलो की घरी फोन करायला लागलो. "माय, नांदगाव पेठले पोचलो, चहा पिऊन राहिलो. तूही घे." ती म्हणायची, "घेतो." घ्यायची नाही, हे मला ठाऊक होतं. तरी फोन ठेवल्यावर मोकळं वाटायचं. लाज वाटते आता सांगताना.

यंदाच्या जानेवारीत घाटातच एका मित्राचं टायर फाटलं. तिथं रेंज नाही. ट्यूब बाहेर येऊ नये म्हणून फाटलेल्या जागी टायरच्या आतून नोटेची घडी लावून, हळूहळू उतरत आम्ही परतवाड्याला आलो तेव्हा दुपार कलली होती. माझा मोबाइल बंद पडलेला. मित्राच्या फोनवरून एक फोन करता आला असता. पण समोर कढईतून आलुबोंडे निघत होते, आणि भूक अशी लागलेली की काही विचारू नका. म्हटलं, तासाभरात घरीच तर जातोय. एक प्लेट खाल्ली, मग अजून एक, वरून चहा. घाटात कोण कसा वळला यावर हसून हसून पुरेवाट झाली.

घरी आलो तर कुलूप. स्कूटर नाही. मला राग आला. माणूस दमूनभागून येतो आणि या दोघी बाजारात! अंगावर घाम वाळलेला, मी पायरीवर चडफडत बसलो.

बऱ्याच वेळानं स्कूटर आली. बायको चालवत होती, आई मागं. दोघींचे केस धुळीनं पांढरे. आई उतरली आणि फाटकाला धरून उभी राहिली. तिच्या लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटली होती, एक चप्पल चिखलानं भरलेली.

"फोन लागेना तुमचा," बायको म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "मोझरीपरेंत जाऊन आलो. एमआयडीसीच्या फाट्यावर, टपऱ्यांवर, सगळीकडं इचारलं. पुलापुलाशी आईनं गाडी थांबवली. कठड्याले धरून खाली वाकून पाहे. म्हने, पडलेला मानूस वरून दिसत नाई. एका पुलाखाली तं उतरल्याच, त्या गुडघ्यानं. मी नको नको म्हनून राहिली तरी."

आई जवळ आली. माझे खांदे, कोपर, मनगटं तिनं एकेक करून दाबून पाहिली, बाजारात बैल पाहतात तशी. तिचा हात थंडगार होता. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"कुठं होते तुमी?" बायकोनं विचारलं.

"मोझरीच्या पुढं," मी म्हटलं. "पंक्चर झालं."

बायको माझ्याकडे पाहत राहिली. आई म्हणाली, "राहू दे आता ते. खाल्लं का काही तू?"

हो म्हटलं तर कुठं, काय, कुणासोबत, असे प्रश्न आले असते. माझ्या जिभेवर अजून मिरचीची चव होती.

"नाई," मी म्हटलं.

ती भिंतीला धरत आत गेली. बायको म्हणाली, आई, तुमी बसा, मी करतो. आईनं ऐकलं नाही. भाजी गरम केली, ताट वाढलं, आणि गोळीची पट्टी हातात धरून माझ्यासमोर पाटावर बसली.

"तू आंधी घे, माय."

"तू खाय. मंग मी खातो."

मी भाकर मोडली. घास गिळवत नव्हता, गिळला. दोन भाकरी खाल्ल्या. तिनं तिसरी वाढली, तीही खाल्ली.