सातवा मेन स्विच

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी बाबूलालजी जवाहरनगरच्या कारखान्यातून रिटायर झाले. आंधळगावात त्यांनी सहा गाळे बांधले आणि वर स्वतःचं घर. एका गाळ्यात माझं शिलाईचं दुकान. जिन्याखाली सहा मेन स्विच एका रांगेत. आग लागली तर कोणालाही एका दमात सगळी लाइन बंद करता यावी, हा त्यांचा कायदा. कुठे सातवा दिसला तर गाळा खाली करा!

पण माणूस महासंशयी. कोणीतरी चोरून सातवा लावला, असं डोक्यात बसलेलं. दर बाजाराच्या दिवशी, ऐन गिऱ्हाइकीत, ते सहाही स्विच बंद करायचे आणि आम्हाला रस्त्यावर उभं करून कुठे बल्ब जळतो का ते बघायचे.

परवा माझं डोकं फिरलं. मी वरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "काका, तुमचा पंखा कसा काय फिरून राहिला?"

"तो वेगळा आहे," ते गुरकावले. "तुमच्यातल्या कोनी माही लाइन बंद केली त? माहा स्विच घरात, कपाटात, कुलपात आहे."

खिडकीतून त्यांची बायको, तुळसाकाकू, ओरडली, "आन् त्याची चाबी मलेबी देत नाही!"